आरएक्स १०० : मॅग्नेटकडचं ऑइल सील बदलण्याच्या नोंदी

गाडी : यामाहा आरएक्स १००, १९९१ ची, काकांची. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, इंजिन आजवर पूर्ण उघडलेलं नाही असं काका म्हणतात.
जागा : लोकमान्य नगर, इंदूर. घराचा पोर्च. काम फक्त सुट्टीच्या दिवशी, किंवा ऑफिसातून लवकर सुटलो तर संध्याकाळी.

१ मार्च २०२५, शनिवार

तक्रार अशी की रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही. सिग्नलला न्यूट्रल करून उभं राहावं, तर गाडी आपल्याच तालात गुरगुरत राहते आणि शेजारचे स्कूटीवाले वळून बघतात. त्यांना वाटतं हा काका मुद्दाम रेस देतोय. मग एकदम आवाज बसतो आणि गाडी बंद. इंजिन तापलं की हे सगळं वाढतं.

प्लग काढून पाहिला. पांढराफटक, काजळीचा पत्ता नाही. टू-स्ट्रोकचा प्लग तपकिरी हवा. पांढरा म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त तापतंय.

गल्लीतल्या गॅरेजात कार्ब्युरेटर धुऊन झाला, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलून झाला, हवेचा स्क्रू इतका फिरवून झाला की त्याची खाच गुळगुळीत झालीय. गाडी चार दिवस बरी चालते आणि परत तेच. आपल्याकडे टू-स्ट्रोकचं काहीही दुखलं की कार्ब्युरेटरचं पोट फाडतात. तो बिचारा हाताशी असतो, दोन स्क्रूत निघतो, म्हणून.

मला संशय क्रँकच्या सीलचा. कारण साधं आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खालच्या पोकळीत ओढ तयार होते आणि रीड व्हॉल्व्हमधून (फक्त आत उघडणाऱ्या पाकळ्यांची झडप) पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टांतून सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे ही पोकळी हवाबंद पाहिजे. क्रँकशाफ्टची दोन्ही टोकं मात्र केसिंगच्या बाहेर येतात, डावीकडे मॅग्नेटसाठी (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारं चुंबकाचं चाक) आणि उजवीकडे क्लचसाठी, आणि त्या दोन भोकांवर पहारा फक्त रबरी सीलचा. उजवं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, मागे धुराचा लोट सुटतो, सगळ्या मोहल्ल्याला कळतं. डावं गेलं तर नुसती हवा आत येते. काही दिसत नाही.

फोर-स्ट्रोकचं क्रँक सील गेलं तर ऑइल गळतं आणि फरशी खराब होते. इथे फरशी कोरडी राहते आणि पिस्टन जातो.

२ मार्च, रविवार

आधी सोपे संशयित. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्या मधलं रबर पिळून, वाकवून पाहिलं. वरवरच्या बारीक भेगा आहेत, आरपार एकही नाही. गाडी आयडलला (रेस न देता चालू) ठेवून रबराच्या दोन्ही टोकांवर डब्ल्यूडी-४० मारलं. तिथून हवा ओढली जात असती तर आवाजात फरक पडला असता. पडला नाही. (इंजिन तापायच्या आत करायचं, आणि सायलेन्सरकडे फवारा जाऊ द्यायचा नाही.)

मग डावीकडचं मॅग्नेटचं कव्हर काढलं. आत बोट फिरवलं तर काळा, पातळ, ओलसर थर. इथे घाई करायची नाही, कारण या बाजूला ऑइल येण्याचे रस्ते बरेच आहेत. पुढच्या स्प्रॉकेटमागे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील आहे, शिवाय चेनचं ग्रीस उडून सगळीकडे बसतं. गिअर ऑइल बोटांत चोळलं की जाड लागतं, त्याला जळका वास असतो. माझ्या बोटावरचं पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला पेट्रोलचा वास होता. पेट्रोलचा वास म्हणजे माल क्रँककेसमधला. पिस्टन वर जाताना सीलमधून हवा आत, खाली येताना तिथूनच थोडं मिश्रण बाहेर. पेट्रोल उडून जातं, टूटी ऑइल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं) आणि काजळी मागे राहते.

भाचा आला होता. जीएसआयटीएसला (इथलं इंजिनिअरिंग कॉलेज) मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, मग बदलून टाक ना सरळ. सील काय, शंभराच्या नोटेत येतं."

येतं. पण ते बदलूनही रेस तशीच राहिली तर मी पुन्हा कार्ब्युरेटरपाशी. आधी हवा नेमकी कुठून जातेय हे डोळ्यांनी बघायचं, मग पाना हातात घ्यायचा.

५ मार्च, बुधवार

प्रेशर टेस्टचा सरंजाम जमवला. इंजिनाची सगळी तोंडं बुजवायची, आत सुमारे ६ पीएसआय हवा भरायची आणि काटा टिकतो का बघायचं. सहा पीएसआय, सहा मिनिटं, हा टू-स्ट्रोकवाल्यांचा जुना ठोकताळा. याहून जास्त दाब दिला तर चांगलं सीलही उलटून पडेल.

इतका कमी दाब टायरच्या गेजवर धड दिसत नाही. म्हणून आईचं जुनं, घड्याळवालं बीपीचं यंत्र काढलं. ते ३०० पर्यंत मोजतं, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय. हवं तेवढंच. रबरी बल्ब आहे, सोडायचा स्क्रू आहे, काटा दोन-दोन मिलिमीटर दाखवतो. याच कामासाठी केल्यासारखं. आता आईकडे डिजिटल आहे, पण परवानगी घ्यावी लागली.

"ने," आई म्हणाली. "त्याचा पारा चढतो का बघ. माझा तर तुझी ही कामं बघूनच चढतो."

दंडाचा पट्टा बाजूला ठेवला. बल्बची नळी, गेजची नळी आणि इंजिनाकडे जाणारी नळी जोडायला मासोळ्यांच्या टाकीत वापरतात तो प्लॅस्टिकचा टी-जॉइंट आणला. इनटेकच्या तोंडासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्याला टोपण, टोपणात नळी. एक्झॉस्टसाठी एका लांब बोल्टवर रबराच्या जाड चकत्या, दोन्ही टोकांना वॉशर आणि मागे नट. नट आवळला की चकत्या दबून बाहेर फुगतात आणि भोक बंद. फक्त चकत्या पिस्टनला टेकतील इतक्या आत सारायच्या नाहीत.

८ मार्च, शनिवार

सकाळी टेस्ट. सकाळीच, कारण इंजिन गार पाहिजे. गरम इंजिनात अडकलेली हवा थंड होताना दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसायला लागते.

आधी सरंजामाचीच परीक्षा. इंजिनाकडची नळी चिमट्याने बंद करून ३०० वर पंप केलं आणि सगळं बादलीत बुडवलं. (गेज सोडून, ते बुडवलं तर आई माझं बीपी घेईल.) टी-जॉइंटच्या एका पायातून बुडबुडे. तिथे वायरचा वेढा देऊन आवळलं, थांबले. हे आधी केलं नसतं तर तासभर इंजिनाला दोष देत बसलो असतो.

कार्ब्युरेटर काढला, टूटी पंपाच्या नळीचं तोंड बंद केलं म्हणजे तीत हवा शिरणार नाही. सायलेन्सर उतरवला. पिस्टन किकने अगदी खाली आणला; तिथे पोर्ट उघडे असतात आणि क्रँककेस व सिलिंडर मिळून एकच पोकळी होते. प्लग जागेवर घट्ट. हवा इनटेककडून भरायची, कारण रीडच्या पाकळ्या आतल्या बाजूला उघडतात. प्लगच्या भोकातून भरली तर पाकळ्या मिटतात आणि इनटेकचं रबर तपासलंच जात नाही.

भाच्याने बल्ब दाबायला घेतला. काटा दोनशेच्या पुढे सरकेना. दाबला की वर, थांबला की खाली. शून्यावर यायला काही सेकंद पुरे.

"मामा, हे तर चाळणी आहे."

आता चाळणीचं भोक. वाटीत साबणाचं पाणी, दाढीचा ब्रश. भाचा पंप करत राहिला, मी एकेक जागा रंगवत गेलो. प्लगच्या बुडाशी काही नाही. हेडच्या सांध्यावर नाही. सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगवर एक बुडबुडा आल्यासारखा वाटला. पुसून परत लावलं, तो ब्रशचाच होता. इनटेकचं रबर साफ. मग गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीवर साबणाचा पडदा धरला. क्लचकडचं सील फुटकं असेल तर हवा गिअरबॉक्समध्ये जाते आणि तो पडदा फुगतो. पडदा तसाच्या तसा. म्हणजे उजवं सील शाबूत. हे कळणं मोठं होतं, नाहीतर क्लच उघडावा लागला असता.

राहिली डावी बाजू. मॅग्नेट मध्ये असल्यामुळे सील दिसत नाही. बीपीच्या यंत्राबरोबरचा स्टेथोस्कोप घेतला, त्याची चकती काढली आणि नुसती नळी मॅग्नेटच्या फटीतून मागे सरकवली. स्पष्ट फुसफुस. नळी दोन बोटं वर नेली तर आवाज कमी, शाफ्टजवळ आणली तर पुन्हा मोठा. मग ब्रशने मागे साबणाचं पाणी सोडलं. पंप चालू झाला तसा मॅग्नेटच्या कडेने पांढरा फेस हळूहळू बाहेर यायला लागला, नंतर काजळी मिसळून करडा, आणि शेवटी टपकन एक गोळा खाली फरशीवर.

भाच्याने व्हिडिओ केला आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. काकांचा निरोप आला : "मी दोन वर्षं सांगतोय की गाडीचा आवाज बदललाय."

९ मार्च, रविवार

दुबईत क्रिकेटच्या चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. पाना कोण धरतो? जिंकलो.

१० मार्च, सोमवार

संध्याकाळी छोटी ग्वालटोली, म्हणजे इथला गाड्यांच्या पार्टचा बाजार. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीची मूळ सीलंसुद्धा आता तिशीला टेकलीत. ही सीलं बहुधा नायट्राइल रबराची असतात. उष्णता आणि वय यांनी ते कडक होत जातं, मग ओठ, म्हणजे सीलची आतली रबरी धार, शाफ्टला बिलगत नाही. गाडी कमी चालवली म्हणून सील टिकतं असंही नाही. महिनोन् महिने एका जागी उभ्या गाडीत ओठ कोरडा पडतो. वरून आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही.

गल्ल्यावरच्या माणसाने न बघता विचारलं, "भिया, ओरिजनल चइए कि चल जाएगा वाला?"

दोन्ही काउंटरवर मांडायला सांगितली. फरक पाकिटावर बघायचा नाही, पाकीट हुबेहूब छापता येतं. सीलचा ओठ बघायचा. चांगल्या सीलची धार एकसारखी कापलेली, बोटाने दाबली की लगेच परत येणारी; आतली बारीक स्प्रिंग आपल्या खाचेत सगळीकडे सारखी बसलेली. "चल जाएगा"च्या ओठावर साच्यातून सुटलेल्या रबराची झालर होती आणि स्प्रिंगचा जोड वर आला होता. माप दोन्हींवर तेच : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, या क्रमाने छापलेले तीन आकडे. हे जुन्या सीलवरच्या आकड्यांशी जुळवून मगच बसवायचं, म्हणून न जुळल्यास परत घ्यायचं कबूल करून घेतलं.

व्हायटॉनचंही मिळत होतं, तपकिरी. ते नायट्राइलपेक्षा बरीच जास्त उष्णता सोसतं आणि आजच्या पेट्रोललाही बरं. भाव जास्त. तेच घेतलं. ज्या सीलपर्यंत पोचायला एवढं उतरवावं लागतं तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

येताना सियागंजातून मॅग्नेट पुलर (मॅग्नेट शाफ्टवरून ओढून काढायचं अवजार) घेतला. आरएक्सचा म्हणून मागायचा, आटे गाडीगणिक वेगळे असतात.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड, हाताचा रंग अजून गेलेला नाही, त्यात आता काजळी.

गिअरचं पेडल, डावीकडचं कव्हर, चेनचं कव्हर उतरवलं. मॅग्नेटचा नट सोडवायचा तर क्रँक फिरू न देता धरावा लागतो. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये नाडा कोंबून पिस्टन अडवायची युक्ती बरेच जण सांगतात. फोर-स्ट्रोकला ठीक. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्टांच्या खिडक्या आहेत. नाडा त्यांत शिरला आणि पिस्टनने तो चावला की एका सीलचं काम इंजिन उघडण्यावर जातं. पट्ट्याचा पाना मॅग्नेटला बाहेरून गुंडाळला, भाच्याने तो धरला आणि मी गोटीपान्याला लांब टॉमी लावून नट फोडला. सुटताना आवाज असा आला की दोघेही आधी पान्याकडे बघायला लागलो.

शाफ्टच्या टोकावर हातोडीच्या जुन्या खुणा आहेत. कोणीतरी कधीतरी ठोकून मॅग्नेट काढलंय. आटे नशिबाने वाचलेत. क्रँक हा तुकड्यांचा, दाबून जोडलेला असतो. टोकावर ठोकलं तर तो आतून वाकडा होऊ शकतो आणि मग कुठलंच सील टिकत नाही.

पुलरचे आटे मॅग्नेटमध्ये हाताने शेवटपर्यंत बसवले. हे महत्त्वाचं, तीन-चार आट्यांवर जोर दिला तर मॅग्नेटचे आटे उपटून येतात. मग मधला बोल्ट आवळत नेला. घट्ट. अजून थोडा. बोल्ट आता फिरत नव्हता, पाना किंचित लवत होता. तिथे थांबलो, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने एकच टोला दिला. खट्ट. मॅग्नेट सैल होऊन हातात. हाफमूनची चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारा अर्धगोल तुकडा) खाचेतून काढून डबीत ठेवली. मॅग्नेट लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाहीतर पोर्चमधला लोखंडाचा सगळा चुरा त्याला चिकटतो आणि मग कॉइलला घासतो.

कॉइल प्लेट काढायच्या आधी प्लेट आणि केसिंग यांच्यावर मिळून एक रेघ ओढली, टायमिंग जागच्या जागी राहावं म्हणून. तिचे स्टार स्क्रू जाम होते. इम्पॅक्ट ड्रायव्हरशिवाय हात लावला असता तर डोकी गुळगुळीत झाली असती.

मग सील दिसलं. दिसलं म्हणजे त्याच्यावरचं सिलिकॉन दिसलं. कुणा कारागिराने सीलच्या बाहेरच्या कडेभोवती सिलिकॉनचा जाड लेप लावून ठेवलाय. म्हणजे त्याला रोग कळला होता! पण हवा जातेय ओठ आणि फिरता शाफ्ट यांच्या मधून. कडेला कितीही मलम लावा, ओठ तसाच.

अंधार पडला. केसिंगवर स्वच्छ कापड बांधून थांबलो.

१६ मार्च, रविवार

सील काढायच्या आधी एक परीक्षा राहिली होती. शाफ्टचं टोक हातात धरून वर-खाली जोरात हलवलं. खडखड असती तर बेअरिंग गेलेलं, मग इंजिन उघडण्याला पर्याय नाही. शाफ्ट डोलत असेल तर नवं सील काही महिन्यांत जुनं होतं. वर-खाली काही नाही. आत-बाहेर केसभर सरकतो, तेवढं चालतं. मॅग्नेटच्या आतल्या बाजूला कॉइल घासल्याचे ओरखडेही नाहीत. बेअरिंग ठीक.

सिलिकॉन खरवडून काढलं. जुन्या एलन कीचं छोटं टोक घासून आकडा केला होता. तो ओठाखाली घातला, केसिंगवर लाकडाची चपटी ठेवून तिच्या आधाराने उचकटलं, थोडं इकडून, थोडं तिकडून. सीलमध्ये भोक पाडून स्क्रूने ओढायची पद्धतही आहे, पण बेअरिंग लगेच मागे असतं आणि ड्रिलचा चुरा त्यात गेला तर संपलं. आकडा शाफ्टला लागू नये म्हणून शाफ्टला चिंधी गुंडाळलेली.

निघालेलं सील दाखवण्यासारखं आहे. ओठ नखाने दाबला तर नख उमटत नाही, प्लॅस्टिक झालंय. एका जागी आडवी चीर. स्प्रिंग ढिली, खाचेतून अर्धी बाहेर. आकडे नव्याशी जुळले.

शाफ्टवर ओठ फिरून फिरून पडलेला चकचकीत पट्टा दिसतो. तो कितपत खोल, हे नख आडवं फिरवून बघायचं. नख अडकलं तर खाच, आणि खाचेवर नवं सीलही गळणार. मग तिथे पातळ स्टीलची नळी चढवावी लागते. माझं नख अडकलं नाही, नुसतं जाणवलं. बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून शाफ्टभोवती गोल फिरवला. लांबीच्या दिशेने कधीच घासायचं नाही; उभ्या रेघा म्हणजे हवेला आयते रस्ते.

आणखी एक दिसलं. जुनं सील केसिंगच्या कडेपासून बरंच आत ठोकलेलं होतं. नवं कडेला समतल बसवलं तर ओठ जुन्या पट्ट्याच्या थोडा बाहेर, न झिजलेल्या जागेवर येतो. हे आयतंच मिळालं. तसंही टू-स्ट्रोकच्या बऱ्याच इंजिनांत सील फार आत गेलं तर बेअरिंगला ऑइल पोचवणारं भोक झाकलं जातं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर (रंगाची मिरवणूक), इकडे सगळी गल्ली रंगात. इंजिनावर चादर आणि चादरीवर ताडपत्री टाकली. उघड्या बेअरिंगमध्ये गुलाल गेला तर पुढच्या नोंदी फार लांबतील.

२२ मार्च, शनिवार

नवं सील.

शाफ्टवर हाफमूनच्या खाचेच्या कडा धारदार आहेत, पुढे आटे. सीलचा ओठ त्यांवरून तसाच सरकवला तर बसायच्या आतच कापला जातो, आणि बाहेरून काही कळत नाही. सांची दुधाची रिकामी थैली धुऊन, तिचा तुकडा शाफ्टवर घट्ट गुंडाळला आणि बाहेरून ग्रीस लावलं. ओठावरही ग्रीस, स्प्रिंगच्या खाचेत थोडं जास्त, म्हणजे बसवताना स्प्रिंग उडत नाही. स्प्रिंगची बाजू आत, क्रँककेसकडे. सील थैलीवरून सुळकन गेलं, मग थैली ओढून काढली.

दाबायला सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. सीलच्या मधल्या भागावर दाब आला तर ते वाकतं. पाइपवर लाकूड, लाकडावर हातोडीचे हलके टोले, दर दोन-तीन टोल्यांनी व्हर्नियरने चारी बाजूंची खोली. एक बाजू अर्धा मिमी पुढे जात होती. समोरच्या बाजूला टोला देऊन सरळ केलं. कडेला समतल झालं तिथे थांबलो. सिलिकॉन नाही. नवं सील आपल्या मापानेच घट्ट बसतं.

मॅग्नेट बाहेर असतानाच परत टेस्ट घेतली, आता सील समोर दिसतंय म्हणून. पिस्टन खाली, तोंडं बंद, ३०० वर काटा. भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. साबणाचं पाणी सीलभोवती स्थिर, बुडबुडा नाही. सहा मिनिटांनी काटा २९० च्या जरासा वर. क्रँक अर्धा फेरा फिरवला, परत खाली आणला, पुन्हा भरलं. ओठ फक्त एका जागी बसतोय असं होऊ नये. तेच.

आई बाहेर येऊन गेज बघून गेली. "तीनशे! अशा माणसाला दवाखान्यात नेतात."

२३ मार्च, रविवार

आज नळाला नर्मदेचं पाणी यायची पाळी, म्हणून आधी केसिंग बाहेरून धुऊन घेतलं, भोकं झाकून.

जोडणी उलट्या क्रमाने, त्यात लिहिण्यासारखं थोडंच. कॉइल प्लेट रेघेला रेघ जुळवून. शाफ्टचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं आतलं भोक पेट्रोलने पुसून कोरडं. इथे ग्रीस नको, मॅग्नेट त्या कोरड्या पकडीवरच टिकतं, चावी फक्त जागा दाखवायला असते. चावी खाचेत सपाट बसलीय याची खात्री, मग मॅग्नेट, वॉशर, नट.

टूटी पंपाची नळी सुटली होती, म्हणून पंपाचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू दिलं. शिवाय या टाकीपुरतं पेट्रोलमध्येही थोडं टूटी टाकलं. पहिल्या किलोमीटरला पंप कोरडा राहिला तर सीलचं कौतुक करायला इंजिन उरणार नाही.

कार्ब्युरेटरमध्ये गॅरेजवाल्याने बसवलेलं मोठं जेट काढून मूळ मापाचं बसवलं. हवेची गळती पेट्रोल वाढवून झाकलेली होती. गळती गेली की तेच इंजिन पेट्रोलने गुदमरतं. हवेचा स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला, तिथून सुरुवात.

किक. सुरू झाली. धूर भरपूर, तो टाकीत टाकलेल्या टूटीचा आणि ग्रीसचा. गरम होऊ दिली. मग रेस दिली आणि सोडली. आवाज तिथल्या तिथे खाली आला. आयडलचा स्क्रू वाढवावा लागला, कारण आजवर आयडल फुकटच्या हवेवर चालत होतं.

तेलकट चिंध्या, सिलिकॉनचे तुकडे आणि जुनं सील वेगळ्या पिशवीत, सकाळच्या कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यासाठी. भाच्याला सील ठेवायचं होतं, कॉलेजात दाखवायला. दिलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारून, पूजा आटपून काकांना मागे बसवलं आणि राऊवरून महूला गेलो. जाताना गाडी मी चालवली, येताना काकांनी मागितली.

"काका, रेस हळू. नवं सील आहे."

"सील नवं असेल, मी नाही," म्हणाले आणि तिसऱ्यातून चौथा टाकला.

राऊच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर त्यांना एकसारख्या रेसवर थोडं अंतर चालवायला लावलं आणि तसंच क्लच दाबून इंजिन बंद करायला सांगितलं. आयडलवर आणून बंद केली तर प्लग आयडलचा रंग दाखवतो, रस्त्यावरचा नाही. कडेला थांबून, जाड कापडाने धरून प्लग काढला. पोर्सलिन तपकिरी, कडेला जरा गडद. एक पायरी पेट्रोल जास्त आहे. उन्हाळ्याच्या हवेत ते आणखी थोडं वाढेल, तेव्हा हवेचा स्क्रू पाव फेरा आणखी उघडून बघायचा. सिग्नलला गाडी गप्प उभी राहते.

घरी आल्यावर मॅग्नेटचं कव्हर परत उघडलं. आत कोरडं. बोटाला फक्त चेनची धूळ.

पोर्चमध्ये मात्र उजव्या बाजूला गिअर ऑइलचा एक थेंब पडतोय, किकच्या शाफ्टकडून. ते सील वेगळं, बाहेरून निघतं, क्रँककेसच्या हवेशी त्याचा संबंध नाही. त्याचं माप घेऊन ठेवलंय. पुढच्या फेरीत छोट्या ग्वालटोलीतून आणायचं. तोवर खाली पुठ्ठा, आणि दर रविवारी गिअर ऑइलची पातळी बघायची.